कार्बन जाळणारे बाबूजी

संध्याकाळी साडेसहाला बाबूजी टाइपरायटरवर रेक्झिनचं झाकण घालायचे, टेबलाखालचं घमेलं पायानेच पुढे ओढायचे आणि दिवसभरात वापरलेले सगळे कार्बन पेपर त्यात टाकून काडी लावायचे. बुऱ्हाणपूरच्या कचेरीसमोरून संध्याकाळी गेला असाल, तर तो काळा धूर तुम्हीही कधीतरी गिळला असेल. कोणी नाक मुरडून विचारलं, "काय बाबूजी, रोज रोज कसली होळी?" तर घमेल्यावरची नजर न काढता ते म्हणायचे, "कार्बनला सगळं पाठ असतं."

आणि खरंच होतं ते. वापरलेला कार्बन उन्हाकडे धरा, अर्ज जसाच्या तसा वाचता येतो. कोणाला क्षय झालाय, कोणाची सून माहेरी निघून गेली, कोणत्या बापाने कोणत्या मुलाशी संबंध तोडले, सगळं. कचेरीसमोर टाइपवाल्यांची रांगच्या रांग होती, पण ज्याला काही लपवायचं असेल तो बरोबर बाबूजींच्या टेबलाशी येऊन उभा राहायचा. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "माझ्या बोटांतून गेलं, कानातून नाही गेलं." हे सांगताना ते दहाही बोटं पुढे करायचे, जणू काही चिकटलं नाही ते बघून घ्या.

टेबलासमोर गिऱ्हाइकाची खुर्ची, तिच्या मागे थांबणाऱ्यांसाठी बाकडं. कागद तयार झाला की तो गिऱ्हाइकाच्या हातात देऊन बाबूजी म्हणायचे, "वाचून घ्या, मग सही करा." हिंदी गिऱ्हाईक असलं तर, "पढ़ लो, फिर साइन करो." आणि त्याच दमात बाकड्याकडे बघून हुकूम सोडायचे, "तोंड तिकडे!" की बाकड्यावरची सगळी माणसं मुकाट मान वळवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसायची. एका ठाणेदाराने टोपी मांडीवर घेऊन पाच मिनिटं कॅलेंडरवरची कपाशीची बोंडं बघितलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत. हसूही आलं नाही त्याला.

मी बुऱ्हाणपूरच्याच लालबागेतल्या सरकारी शाळेत शिकवते. स्वभावाने मी वाईट आहे, आधीच सांगून टाकते. कोणी माझं वाईट केलं तर मी विसरत नाही आणि विसरल्याचं नाटकही करत नाही. माझी आई म्हणायची, ही पोरगी राग लोणच्यासारखा मुरवते. तर अशा बाईच्या डोक्यावर तिशीच्या आत चाई पडायला लागली, केस गोल चट्ट्यांनी गळायला लागले. आधी रुपयाएवढी, मग पुरीएवढी, आणि मग बाकी काही उरलंच नाही. डॉक्टर झाले, वैद्य झाले, कांद्याचा रस झाला. शेवटी इंदूरहून विग आणला आणि शाळेत घालून गेले. कोणाला कळलं नाही. सहा वर्षं कळलं नाही. घरात आई आणि मी, एवढ्या दोघींना माहीत.

सातव्या वर्षी मी नवा विग मागवला आणि त्या इंदूरच्या दुकानदाराने माझा घात केला. काळा मागितला होता, आला तपकिरी. वर भांग उजवीकडे. मी जन्मापासून डावीकडे भांग पाडणारी बाई! हाताने लिहिलेली दोन पत्रं त्याने गिळून टाकली. मग मी ठरवलं की याला टाइप केलेलं, नोटिशीसारखं पत्र पाठवायचं. शाळेतल्या कॉम्प्युटरवर ते लिहायची सोय नव्हती, तिथे मागून डोकावणाऱ्या माना फार. म्हणून बाबूजींकडे गेले.

त्यांनी माझं सगळं ऐकलं. माझ्या डोक्याकडे एकदाही बघितलं नाही. समोर विग घातलेली बाई बसून विगबद्दल बोलतेय आणि समोरचा माणूस तिच्या डोक्याकडे बघत नाही, ही सोपी गोष्ट नाही हो. फक्त मधेच विचारलं, "भांग डावीकडे असा शब्द घालू की 'मागणीप्रमाणे' म्हणू?" मी म्हटलं, डावीकडेच घाला, त्याला कळू दे. पत्र असं झणझणीत झालं होतं की मीच दोनदा वाचलं.

आता कॉम्प्युटरचं सांगायला हवं, कारण तोवर बाबूजींच्या टेबलावर तो आला होता. कचेरीत हळूहळू टाइपरायटरचे कागद कोणी घेईना, तेव्हा त्यांनी नाइलाजाने एक घेतला. घेतला तो ज्या शेठकडून, त्याचं नाव मी तोंडाने घेणार नाही. शहरातले निम्मे कॉम्प्युटर त्यानेच विकलेले. बाबूजींनी पॉवरलूमचं एक जुनं बेअरिंग पाटाखाली बसवून घेतलं आणि पडदा त्या पाटावर ठेवला. म्हणजे एरवी पडद्याचं तोंड स्वतःकडे, आणि 'वाचून घ्या' म्हणायची वेळ आली की बोटाने ढकलून गिऱ्हाइकाकडे. पाट असा गरकन फिरायचा! बाबूजींना त्याचं फार कौतुक होतं.

त्या कॉम्प्युटरमध्ये डाव्या कडेला चित्रांची एक उभी पट्टी होती. फायलींचं चित्र, छापण्याचं चित्र, आणि त्यांच्या खाली एका ऑनलाइन दुकानाचं बटण. बाबूजींनी ते ठेवलेलं नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी शेठला विचारलं होतं, "हे कोणी ठेवलं?" शेठ म्हणाला, "वो तो अंदर से ही आता है बाबूजी. राहू द्या ना. काही खात नाही ते."

राहू दिलं. चूक झाली ती इथे.

दुसरी चूक बाबूजींच्या सवयीची. टाइपरायटरच्या काळात ते प्रत्येक कामाच्या लिफाफ्यावर माणसाचं पूर्ण नाव आणि पुढे विषय लिहायचे. कॉम्प्युटरमध्येही तेच चालू ठेवलं. प्रत्येक फाईलला नाव, आडनाव आणि विषय, इंग्रजी अक्षरांत. फाईल काढायची असली की वरच्या शोधायच्या चौकटीत हे सगळं टाइप करायचे. टाइपिंगच्या सरावाचा हात, माणसाला दोन अक्षरं लिहायचा कंटाळा येतो, यांना पूर्ण ओळ लिहिल्याशिवाय चैन पडायचं नाही. मग पडद्याकडे न बघताच एंटर दाबायचे, की फाईल उघडायची. त्यांच्या लेखी ती चौकट म्हणजे आपल्याच कपाटाचं दार. आपल्याच कपाटाशी कुजबुजलो तर कोण ऐकणार?

महिना झाला तरी इंदूरहून उत्तर नाही, म्हणून मी स्मरणपत्रासाठी गेले. बाकड्यावर आमच्या शाळेतल्याच एक बाई बसल्या होत्या, बदलीचा अर्ज घेऊन. त्यांना मी मनातल्या मनात भोंगाबाई म्हणते. शाळेत कोणाचं दूध नासलं तरी मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या वर्गांना कळवणारी बाई. मी परत फिरणार होते, पण म्हटलं, बाबूजी आहेत, कशाला घाबरायचं? खुर्चीत बसून हळूच म्हटलं, "मागचं पत्र... पुन्हा एकदा."

"समजलं," ते म्हणाले. चौकटीत भराभर टाइप केलं. चष्मा कपाळावर, नजर दुसऱ्या कागदावर. "तोंड तिकडे!" म्हणाले आणि पाट ढकलला. "वाचून घ्या."

घाईत एंटर दाबायचा राहिला होता, पडद्यावर माझं पत्र नव्हतंच. वर कुठेतरी फाईलचं नाव होतं, आणि खाली विगच विग. लांब केसांचे, कुरळे, बॉबकट, सोनेरी. प्रत्येक विगखाली एक हसरी बाई आणि किंमत. माझ्या तोंडून "अगं आई गं!" निघालं, आणि भोंगाबाईंनी कॅलेंडर सोडून मान वळवली.

बाबूजींची सगळी व्यवस्था अक्षरांसाठी होती हो. अक्षरं बाकड्यावरून वाचता येत नाहीत. चित्र ओळखायला किती वेळ लागतो? भोंगाबाईंनी आधी विग बघितले, मग माझं डोकं बघितलं. मग अत्यंत मायेने म्हणाल्या, "काय वं माय, असं आहे होय?"

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी शिरले तेव्हा सगळे गप्प झाले. आमचे एक सर डबा उघडता उघडता म्हणाले, "मॅडम, कोणतं तेल लावता? आमच्या मिसेसला सांगायचं होतं." मोठ्याने कोणी हसलं नाही. मोठ्याने हसले असते तर बरं झालं असतं. मी वर्गावर गेले आणि फळ्याकडे तोंड करून शिकवायला लागले. मुलांकडे पाठ, म्हणजे मागचे केस त्यांच्याकडे, हे आठवलं आणि भिंतीला टेकून उभी राहिले. सहा वर्षं जपलेलं एका गरकन फिरलेल्या पाटाने संपलं होतं.

शाळा सुटल्यावर थेट बाबूजींच्या टेबलापाशी. भर गर्दीत ओरडले. "तुमच्या टेबलावरून काही जात नाही म्हणता ना? माझी इज्जत गेली की! लावा त्या घमेल्यात काडी आणि मलाही टाका त्यात!"

बाबूजी उभे राहिले. गिऱ्हाइकासाठी ते कधी उभे राहिलेले मी पाहिले नव्हते. म्हणाले, "मॅडम, ते विग मी नाही काढले. कसे आले मला माहीत नाही. बसा. आत्ता बघू."

बाकडं रिकामं केलं त्यांनी. मग चौकटीत एकेक जुनी फाईल टाइप करायला लागले. क्षयाचा अर्ज टाइप केला, खाली तोंडाला बांधायच्या पट्ट्या आल्या. घटस्फोटाचा अर्ज, खाली 'सुखी संसार' शिकवणारी पुस्तकं. एका म्हाताऱ्याचा कानाच्या मशीनसाठीचा अर्ज, खाली कानाची मशीनं. चौकटीत लिहिलेला शब्द न् शब्द आधी त्या दुकानात जाऊन यायचा, मग दुकानदार आपला माल मांडायचा. बाबूजींना हे समजलं तेव्हा त्यांची बोटं कळांवर तशीच राहिली.

"म्हणजे मीच सांगत होतो," ते म्हणाले. "नावासकट. रोज. आणि संध्याकाळी कार्बन जाळत होतो."

मी त्यांच्यावर चिडायला गेले होते. पण त्या माणसाचा चेहरा बघून माझा राग जागा बदलून बसला. कमी नाही झाला बरं का, नुसता जागा बदलून बसला. थेट शेठच्या काचेच्या शोरूममध्ये जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तिथे गेलो. शेठने चहा मागवला. बाबूजींनी विचारलं, "ते बटण आणि ती चौकट बंद करता येते?"

"येते ना. दोन मिनिटांचं काम."

"मग विकताना का नाही केलं?"

"कोणी मागितलं नाही," शेठ हसला. "उलट चांगलं आहे बाबूजी. त्या बटणातून कोणी काही मागवलं, की माझ्या खात्यात थोडं कमिशन येतं. मी प्रत्येक मशीनवर माझं नाव जोडूनच देतो. तुमचं काय जातं?"

"लोकांना विचारलं होतं?"

"अरे बाबूजी, लोकांना एवढं कळतं कुठे?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "और मॅडम, इतनी सी विग के लिए? हिरॉइनी घालतात. लाजायचं काय त्यात?"

म्हणजे त्यालाही कळलं होतं! चहा तसाच ठेवून मी उठले. पायऱ्या उतरताना मनात एकच होतं, या माणसाला मी सोडणार नाही. देवाशप्पथ सांगते, मला त्याचं चांगलं व्हावं असं त्यानंतर एक दिवसही वाटलं नाही.

बाबूजी रस्त्यात म्हणाले, "त्याने लिहून द्यायला हवं. एक ओळ. हे मी ठेवलं, लोकांना न विचारता ठेवलं. लिहून दिलं तर लोकांना कळेल की माझ्या टेबलावरून गेलं ते कोणामुळे गेलं."

एवढंच हवं होतं त्यांना. मला अर्थातच जास्त हवं होतं. मावा जिलेबीच्या दुकानाशी आम्ही थांबलो, बाबूजींचा जीव त्या जिलेबीवर. द्रोण हातात दिला आणि मी हळूच विचारलं, "बाबूजी, शेठचंही कधी काही टाइप केलं असेल ना तुम्ही?"

त्यांनी घास थांबवला. "केलंय."

"काय होतं?"

"बोटांतून गेलं."

"बाबूजी, त्याने मला गावभर नागडं केलंय. सांगा ना. मी कोणाला सांगणार नाही." हे मी खोटं बोलत होते आणि त्यांना ते माहीत होतं. मी भर रस्त्यात हात जोडले. "एक शब्द सांगा."

"कार्बन जाळला," ते म्हणाले आणि जिलेबी खाऊ लागले.

मी अर्धी जिलेबी टाकून निघून गेले. आठ दिवस त्यांच्याकडे फिरकले नाही. हातात दगड असून न मारणाऱ्या माणसाची मला चीड येते.

नवव्या दिवशी ते स्वतः लालबागेत आमच्या दारात आले, मोपेडवर. हातात टाइप केलेले कागद. त्यावर चार ओळी होत्या, आपल्या कॉम्प्युटरच्या डाव्या पट्टीवर दुकानाचं बटण आहे का, ते आपण ठेवलं आहे का, नसल्यास बोलवा, येऊन काढून देतो. "शेठने विकलेली मशीनं कोणाकोणाकडे आहेत मला ठाऊक आहे," म्हणाले. "उद्या रविवार. येता?"

मी स्कार्फ बांधला आणि स्कूटी काढली. ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात मजेचे रविवार होते.

बाबूजींची पद्धत ठरलेली. आत गेलं की मालकाला म्हणायचं, "तुमच्या कपाटातली कुठलीही फाईल शोधा. मी बघत नाही." आणि खरंच भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. मालक काहीतरी टाइप करायचा आणि मग मागून आवाज यायचा, "अरे! ये क्या है?" तेव्हा बाबूजी भिंतीकडे बघतच विचारायचे, "हे तुम्ही ठेवलं?"

निंबोल्याला एका केळीवाल्याच्या गादीवर गेलो. गडी धिप्पाड, मिशा इकडून तिकडे. चार माणसं बसलेली. त्याने ऐटीत काहीतरी टाइप केलं आणि पडद्यावर पोट आत घ्यायचे पट्टे आले, एकाखाली एक. कोणाला न सांगता तो वजन कमी करत होता आणि त्याचा तक्ता ठेवत होता, बिचारा. गादीवरची माणसं उशीत तोंड खुपसून हसली. "भो, त्या शेठला मी केळीच्या बागेत गाडतो!" तो गरजला. बाबूजींनी शांतपणे बटण काढलं, चौकटीची बाहेरची वाट बंद केली आणि त्याला म्हणाले, "गाडू नका. मशीन कोणी दिलं ते चार लोकांना सांगा." मला विचाराल तर गाडलं असतं तरी चाललं असतं.

डॉक्टर झाले, शिकवणीवाले झाले, चांदनी गावापर्यंत जाऊन आलो. मग वकिलांच्या खोलीत गेलो. तिथे मात्र एक वकीलसाहेब चहा ढवळत म्हणाले, "यात एवढं काय आहे मॅडम? जाहिराती तर सगळीकडे असतात. नुकसान काय झालं तुमचं?"

मला काय झालं कोण जाणे. मी स्कार्फ सोडला, विग काढला आणि त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. "हे झालं," म्हटलं. "सहा वर्षं कोणाला माहीत नव्हतं. तुमच्या पक्षकारांची नावं तुम्ही त्या चौकटीत लिहिता ना साहेब? लिहा आणखी."

बाबूजींनी त्या वेळीही माझ्या डोक्याकडे बघितलं नाही. पण त्यांनी खिशातला रुमाल काढून डोळे पुसले, ते मी बघितलं. त्याच दुपारी वकिलांनी आपापल्या मशीनवरचं बटण काढून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत शेठच्या शोरूमसमोर लोक उभे राहिले. आमचं मशीन परत घे, नाहीतर लिहून दे.

दुसऱ्या दिवशी शेठ बाबूजींच्या टेबलाशी आला तेव्हा साडेसहा वाजत होते. मी बाकड्यावर होते, डोक्याला नुसता स्कार्फ. बाबूजींनी मुद्दाम जुना टाइपरायटर काढला होता. मधे कार्बन घालून कागद तयार ठेवलेला. 'हे बटण मी प्रत्येक मशीनवर माझ्या फायद्यासाठी ठेवले. ग्राहकास विचारले नाही. ते काय करते हे सांगितले नाही. माझ्या खर्चाने काढून देईन.'

"वाचून घ्या, मग सही करा."

शेठने वाचलं. घाम पुसला. मग बाबूजींकडे बराच वेळ बघत राहिला आणि एकदम खालच्या आवाजात म्हणाला, "बाबूजी, सही केली तर दुसरं काही काढणार नाही ना तुम्ही?"

"मी काय काढणार? सही करा."

मला वाटलं, दुसऱ्या बटणांबद्दल बोलतोय. त्याने सही केली. माझ्या डोळ्यांचं पारणं फिटलं. मूळ कागद बाबूजींनी माझ्या हातात दिला, "तुमचं आहे. काय करायचं ते करा." आणि कार्बन घमेल्यात टाकला.

"आज तरी नका हो जाळू!" मी ओरडले. "शत्रूचा आहे तो!"

"शेठही गिऱ्हाईकच," असं म्हणून त्यांनी काडी लावली.

कागदाचं मी काय केलं? शाळेच्या स्टाफरूममध्ये सूचनाफलकावर टाचला, भोंगाबाईंच्या खुर्चीच्या बरोबर वर. झेरॉक्स काढून कचेरीसमोर, बस स्टँडवर, आणि शेठच्या शोरूमच्या समोरच्या खांबावर दोनदा लावली, कारण पहिली त्याने फाडली. इंदूरहून शेवटी काळा विग आला, भांग डावीकडे. मी तो पेटीत ठेवून दिला. आता मी मोकळ्या डोक्याने शाळेत जाते, आणि तेलाचं विचारणाऱ्या सरांना मीच एकदा विचारलं, तुमच्या मिसेसना कोणतं तेल हवं होतं हो?

बाबूजींच्या टेबलाशी पुन्हा गर्दी होऊ लागली. पण त्यांनी कॉम्प्युटरवर काम केलं ते नेटची तार काढूनच. चुकलेले छापील कागद संध्याकाळी घमेल्यात जायचे. कधीकधी पडद्याकडे बघून म्हणायचे, "याचा कार्बन कुठे असतो ते कळलं असतं तर बरं झालं असतं."

गेल्या हिवाळ्यात बाबूजी गेले. खोकला झाला, मग ताप, मग दवाखान्यातून परत आलेच नाहीत. दहाव्या दिवसानंतर मी त्यांच्या घरी भेटायला गेले. सून पाणी आणायला आत गेली. बाहेरच्या खोलीत शेठ बसला होता. केस पिकलेले, शोरूम आता त्याचा भाऊ चालवतो म्हणे. मी मुद्दाम समोरच्या खुर्चीवर बसले. कोपऱ्यात टेबलावरचं सामान आणून ठेवलं होतं, टाइपरायटर, फिरता पाट आणि ते घमेलं.

मग तो जवळ सरकला आणि म्हणाला, "मॅडम, एक विचारायचं होतं. माझ्या त्या अर्जाचं... जुना, लग्नाच्या वेळचा... तुम्हाला त्यांनी सांगितलं असेलच."

मला आधी कळेना. मग सगळं एकदम कळलं. तो खाली आलेला आवाज, 'दुसरं काही काढणार नाही ना'. याने लोकांच्या गर्दीला भिऊन सही केली नव्हती. बाबूजी आपलं गुपित फोडतील, या भीतीने केली होती. आणि इतकी वर्षं तो असं समजून जगत होता की मला माहीत आहे!

काय सांगू तुम्हाला, माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मला बोलायचीही गरज नव्हती. नुसतं त्याच्याकडे बघून गालात हसले असते, तर तो मरेपर्यंत माझ्या धाकात राहिला असता. रस्त्यात दिसले की वाट बदलून गेला असता. अशीच संधी मी त्या जिलेबीच्या दुकानाशी हात जोडून मागितली होती.

पण गप्प बसले असते तर त्याचा अर्थ, बाबूजींनी सांगितलं. त्या टेबलावरून कधी न गेलेली गोष्ट त्यांच्या मरणानंतर मी बाहेर काढली असती, तीसुद्धा खोटी.

"नाही शेठ," मी म्हटलं. "मी विचारलं होतं. भर रस्त्यात हात जोडून विचारलं. नाही सांगितलं त्यांनी. कोणालाच नाही."

"खरंच?"

"आईची शपथ. मला आत्ता तुमच्या तोंडून कळतंय की असा काही अर्ज होता."

त्याने डोळे मिटले, लांब श्वास सोडला. चेहरा कसा सैल झाला. मी त्याला तेवढा श्वास घेऊ दिला. मग हळूहळू त्याच्या कपाळावर आठी चढताना मला दिसली.

"म्हणजे त्या दिवशी," तो थांबत थांबत म्हणाला, "मी सही केली नसती, तर..."

"तर काही झालं नसतं," मी म्हटलं. "ते घरी गेले असते. तुम्ही न वाचताच सही केलीत शेठ. कागद वाचलात, समोरचा माणूस नाही वाचला."

तो कोपऱ्यातल्या घमेल्याकडे बघत राहिला. तळाशी अजून थोडी काळी राख होती. त्यातली कोणती त्याची, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं.